उंबराचं फूल चीनला कसं गेलं

फार दिवसांनी कुणी दारात आलं की घरातली आजी म्हणते, "अगदी उंबराचं फूल झालास की रे!" उंबराला फळं बुंध्यापासून लगडतात, फूल मात्र कुणाच्या दृष्टीस पडत नाही. ते असतं फळाच्या पोटात. उंबर म्हणजे आतल्या बाजूला फुललेल्या शेकडो इवल्या फुलांचा गुच्छच. टोकाच्या बारीक छिद्रातून चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरते, शिरताना तिचे पंख झडतात. ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते.

हे न दिसणारं फूल सोळाशे वर्षांपूर्वी चीनला पोचलं. इ. स. 406 मध्ये चीनमधल्या छांगआनला बौद्ध भिक्षू कुमारजीवाने 'सद्धर्मपुंडरीक' सूत्र चिनीत आणलं. बुद्धाचा उपदेश कानी पडणं किती दुर्लभ, हे सांगायला त्यात उदुंबराच्या फुलाची उपमा आहे. झाडाचं नाव चिनीत ध्वनीनेच उतरलं: 'यौथानपो-ह्वा'. 'ह्वा' म्हणजे फूल. पुढे बोलण्यात ते झिजून 'थानह्वा' झालं. उदुंबरातला एकटा 'दुं' तेवढा 'थान' होऊन आजही चिनी तोंडात आहे!

अर्थही सरकला. क्वचित दिसणारं ते फूल आज चिनी म्हणीत क्षणभर चमकून विझणारं झालं आहे. आणि हे नाव आता मेक्सिकोकडच्या, रात्री उमलून पहाटे मान टाकणाऱ्या एका निवडुंगाला मिळालं आहे. ओळखलंत? आपण कुंडीत लावतो आणि 'ब्रह्मकमळ' म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो, तेच हे झाड.



फुलाच्या नावातल्या 'ह्वा'वरून आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होतेच. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेले कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी शिकले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाला 'ह्वा' जोडला होता. कोटणीस झाले 'ख तीह्वा'. या नावातला 'ह्वा' म्हणजे चीन. पण लिहायचं चित्राक्षर तेच, जे कुमारजीवाच्या पोथीत उंबराच्या फुलासाठी आलं आहे.