नेम आणि नेट



महागावच्या काळ्या रानात दिवसभर राबणाऱ्या गड्याला आणखी व्यायाम कशाला, असे तुम्ही म्हणाल. शंका रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम यांत एक फरक आहे. कष्ट गरजेपोटी होतात. काम सरले की थांबतात. व्यायाम माणूस आपणहून, ठरल्या वेळी, मन नको म्हणत असतानाही करतो. मनाला वळण लागते ते इथेच. आणि हे वळण धंद्यात फार कामी येते.

एक घडलेली गोष्ट सांगतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. स्वतः नेमाने घालीत आणि आपल्या शाळांतल्या मुलांकडूनही घालून घेत. त्याच काळात बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे गृहस्थ होते. मुंबईच्या तंत्रशाळेत ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली. आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर! शेतकरी म्हणत, ‘छे, लोखंडाने जमीन विषारी होईल.’ पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली.

अशा वेळी औंधच्या राजांनी त्यांना कुंडल स्टेशनाजवळ जमीन दिली, बिनव्याजी कर्जही दिले. जमीन कसली, निवडुंगाने भरलेले माळरान! 1910 साली थोडे कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

यातून घ्यायचे काय? पहिले, धीर. रोज एक नमस्कार वाढवणाऱ्याला फळ उशिरा दिसते, हे अंगाने ठाऊक होते. दोन वर्षे गिऱ्हाईक न आले तरी तो डगमगत नाही. दुसरे, धीर म्हणजे हट्ट नव्हे. जागा गेली तेव्हा लक्ष्मणराव रडत बसले नाहीत, आणि तिथेच अडूनही राहिले नाहीत. तिसरी गोष्ट नीट ध्यानात धरा: त्यांच्या पाठीशी कोणी उभे राहिले. नुसत्या मनाच्या बळावर कारखाना उभा राहिला नाही. म्हणून पाऊस दगा देऊन कपाशी गेली, तर त्या शेतकऱ्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणू नका. त्याच्या घरी जा, जवळ बसा, हात द्या.

गुरुजी, एवढे कराल का? शाळा भरण्यापूर्वी मुलामुलींकडून बारा नमस्कार घालून घ्या. ज्याला झेपत नाही त्याने कमी घालावेत. पण नेम मोडू नये. मोठ्या मुलांना एक लहानसा धंदा चालवू द्या: भाजीची रोपे करावीत, नाहीतर शाळेपुरते वह्या-पेन्सिलींचे दुकान. पण रोजचा जमाखर्च त्यांनीच लिहावा. तोटा आला तरी लपवू नये. सर्वांसमोर वाचावा आणि उद्या काय बदलायचे ते ठरवावे.

तोटा वहीत मांडायला शिकलेले पोर पुढे कर्जाची गोष्ट घरच्यांपासून लपवणार नाही. आपल्या भागात याचे मोल किती आहे, हे मी तुम्हांला सांगायला नको.