देव कोणाच्या बाजूचा?

संपाच्या दिवसांत गेटावरच्या सभेत आम्ही एकदा ठणकावून सांगितले की, देव आपल्या बाजूला आहे. सभा मोडल्यावर एका म्हाताऱ्या कामगाराने हळूच विचारले, "अण्णा, मालकही दरवर्षी सत्यनारायण घालतो. त्याला देव काय सांगत असेल?" आम्हांला उत्तर सुचले नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मिळेल ते वाचून झाले. त्या वाचनात हाच प्रश्न पडलेला एक ख्रिस्ती पाळक भेटला. त्याची ही ओळख.

कार्ल बार्थ हे स्वित्झर्लंडमधील प्रोटेस्टंट पाळक. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे ते साफेनविल या लहानशा गावी होते. गावातील पुष्कळ लोक कापडाच्या कारखान्यांत राबणारे. बार्थ यांनी त्यांच्यापुढे व्याख्याने दिली, त्यांच्या संघटना उभारण्यास हात दिला. १९११ च्या डिसेंबरात ते येशू ख्रिस्त आणि सामाजिक चळवळ या विषयावर बोलले, तेव्हा एका कारखानदाराने वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून त्यांना फटकारले.

पुढे १९१४ चे महायुद्ध आले. जर्मनीतील ९३ नामवंतांनी आपल्या सरकारची बाजू घेणारे पत्रक काढले. त्यांत बार्थ यांचे गुरूही होते. कामगारांच्या समाजवादी पक्षानेही युद्धखर्चाला मते दिली. पंडित आणि कामगारपक्ष, दोघेही कैसरच्या मागे! बार्थ यांनी चळवळीकडे पाठ फिरविली नाही. १९१५ साली ते स्विस समाजवादी पक्षाचे सभासद झाले. पण जो देव हव्या त्या झेंड्याखाली उभा करता येतो, तो खरोखर देव आहे काय, हा प्रश्न त्यांना सोडीना.

ते बायबलातील रोमकरांस पत्राकडे वळले. त्यावरील त्यांचे भाष्य १९१९ मध्ये आले. १९२२ मध्ये ते त्यांनी जवळजवळ नव्याने लिहिले. त्याचे सार असे: देव तो देव, माणूस तो माणूस. धर्माची, संस्कृतीची वा क्रांतीची शिडी लावून देवापर्यंत पोचता येत नाही. ख्रिस्ताच्या रूपाने तोच माणसाकडे येतो. या येण्याची वार्ता म्हणजे शुभवर्तमान, आणि त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'इव्हँजेलिकल' हे विशेषण आले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बार्थ सांगतात की, शुभवर्तमानावर उभे राहणारे ईश्वरशास्त्र नम्रच असले पाहिजे. त्याचा विषय त्याच्या मुठीत मावणारा नव्हे.

असा देव माणसाला हातपाय गाळून बसवील, अशी शंका आम्हांलाही आली. घडले ते उलट. हिटलरच्या उदयात देवाचा हात पाहणारे ख्रिस्ती जर्मनीत निघाले, तेव्हा १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन येथे विरोधकांनी जाहीरनामा काढला. तो मुख्यतः बार्थ यांनी लिहिलेला. ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाच्याही शब्दाला चर्चने देवाचा शब्द मानू नये, असे त्यात बजावले होते. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास बार्थ यांनी नकार दिला. १९३५ साली बॉन विद्यापीठातील त्यांची जागा गेली आणि ते मायदेशी, बाझलला परतले.

आम्ही या श्रद्धेचे नाही. परंतु त्या म्हाताऱ्याला आज आम्ही सांगू: बाबा, मागणी न्यायाची असेल तर ती न्यायाच्या बळावर लढवू, तिच्यावर देवाची सही मात्र आपल्या हाताने करणार नाही. मालकालाही करू देणार नाही.