मालाच्या गाडीला 'टेम्पो' का म्हणतात? शब्द आहे इटालियन संगीतातला!

निरगुडसरमध्ये (ता. आंबेगाव) 'टेम्पो भरला का?' असं कुणी विचारलं, तर विषय मंचरच्या बाजाराला निघालेल्या मालाचा असतो. नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक 'टेम्पो पडला' म्हणून ओरडतो, तेव्हा मात्र गाडीचा काही संबंध नसतो. शब्द तोच, आणि मूळचा इटालियन.

इटालियनमध्ये टेम्पो म्हणजे वेळ. गंमत म्हणजे हवामानालाही तिथे हाच शब्द आहे. इटालियनमधून तो जर्मनमध्ये गेला आणि 'वेग' या अर्थाने रुळला. हॅम्बुर्गच्या 'विडाल अँड सोन' कंपनीने आपल्या मालवाहू गाड्यांना हेच नाव दिलं. १९५८ मध्ये तिच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' सुरू झाली आणि तीनचाकी 'हॅन्सिएट' रस्त्यावर आली. २००५ मध्ये कंपनीचं नाव 'फोर्स मोटर्स' झालं. लोकांनी मात्र टेम्पो सोडला नाही. आता कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच.

संगीतात टेम्पो म्हणजे आपली लय. आपल्याकडे विलंबित, मध्य, द्रुत. तिकडे आदाज्यो, मोदेरातो, प्रेस्तो. १८१५ मध्ये मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं आणि मिनिटाला किती ठोके, हे आकड्यात लिहिता येऊ लागलं. ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका.

अनेकांचा गोंधळ होतो तो टेम्पो आणि ताल यांत. जवळच्या नारायणगावात, तमाशाच्या पंढरीत, हा फरक कानाने कळतो. लावणी संथ सुरू होते, मग ढोलकी चढत जाते. केरवा असेल तर मात्रा पहिल्यापासून शेवटपर्यंत आठच. वाढते ती लय. टेम्पो वाढला, ताल बदलला नाही.

साहित्यातही हा शब्द चालतो. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत पानापानाला काहीतरी घडतं, तिचा टेम्पो द्रुत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माळरानावरच्या दिवसांसारखी सावकाश सरकते. संथ टेम्पो म्हणजे कंटाळवाणं लिखाण, असा अर्थ काढला की चूक होते.

नाटकात टेम्पो बहुतेक वेळा दोन वाक्यांच्या मधे पडतो. समोरच्याचं वाक्य संपल्यावर नट क्षणभर उशिरा तोंड उघडतो आणि प्रवेश ढिला होतो. नवखे नट तो उशीर भरून काढायला भराभर बोलत सुटतात. मग मागच्या रांगेत शब्दच पोचत नाहीत.