न्हारू, मज्जा आणि मज्जातंतू

शरीराच्या बत्तीस भागांची यादी आमच्या पालि वर्गात शिकवली जात असता एका उपासिकेने विचारले, "न्हारू म्हणजे मज्जातंतूच ना?" तिच्या वहीत तसा अर्थ लिहिलेला होता. शेजारी बसलेल्या उपासकाच्या वहीत 'स्नायू' असे होते. दोन्ही अर्थ आज चुकीचे ठरतात, आणि ते का चुकीचे ठरतात हे सांगू लागलो तेव्हा तो तास पुरला नाही. म्हणून हा लेख.

'न्हारू' आणि संस्कृत 'स्नायू' हे एकाच कुळातील शब्द आहेत. त्यांचा मूळ अर्थ हाडांना हाडे बांधून ठेवणारे चिवट बंध. सतिपट्ठान सुत्तात श्मशानातील सांगाडा न्हारूंनी सांधलेला राहतो, असे वर्णन आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त न्हारूंची संख्या नऊशे सांगितली आणि त्यांचे काम हाडे बांधून ठेवण्याचेच सांगितले. मराठीत मात्र 'स्नायू' हा शब्द मांसपेशींकडे सरकला. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली.

मज्जेची कथा अधिक उद्बोधक आहे. सतिपट्ठान सुत्ताच्या यादीत एकतीसच भाग आहेत, तीत मेंदू नाही. 'मत्थलुंग' म्हणजे मेंदू हा बत्तिसावा भाग खुद्दकपाठात येतो. बुद्धघोषांनी या फरकाचा उलगडा असा केला, की मेंदूचा समावेश 'अट्ठिमिञ्ज' म्हणजे हाडांतील मज्जेतच होतो. कवटीच्या हाडात सापडणारा मऊ पदार्थ म्हणजे मेंदू, असे ते वर्गीकरण. आपण मराठीत 'मज्जातंतू' म्हणतो तेव्हा नकळत हीच समजूत उच्चारीत असतो. वस्तुतः हाडांतील मज्जा रक्तपेशी निर्माण करते, संवेदना वाहून नेण्याशी तिचा काही संबंध नाही. मग मनाचे स्थान कोणते? अट्ठकथाकारांनी ते हृदयात मानले. पट्ठानात मात्र मनाला आधारभूत अशा एका रूपाचा निर्देश आहे, हृदयाचे नाव नाही. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

तथागतांना पेशीविज्ञान अवगत होते, असे सांगणारी प्रवचने अधूनमधून कानी येतात. ती श्रद्धेपोटी असतात हे मान्य केले तरी त्यांनी धम्माची सेवा होत नाही. पेशी पाहावयास सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो सतराव्या शतकातला. तेव्हा विज्ञान काय सांगते ते आधी स्वतंत्रपणे पाहू.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते. त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पटल मेदाच्या दोन थरांचे असते. मेदकणांची पाण्याशी सख्य असणारी टोके बाहेरच्या बाजूंना आणि पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आतल्या बाजूस, अशी ही मांडणी गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली सुचविली. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली दाखवून दिले, की हे पटल भिंतीसारखे ताठ नसून प्रवाही आहे आणि त्यात प्रथिने तरंगत असतात. त्यांतील काही प्रथिने दारांचे काम करतात, तर काही पंपाचे.

पंपाचा शोध येन्स स्काऊ यांनी १९५७ साली लावला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळण्यास १९९७ साल उजाडले. हा पंप दर खेपेस सोडिअमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो. त्यामुळे आत पोटॅशिअम अधिक, बाहेर सोडिअम अधिक, अशी स्थिती सतत राखली जाते. पोटॅशिअम पटलातून थोडा थोडा बाहेर झिरपत असतो, म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित राहते. चेतापेशीत हा फरक सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. (चेतापेशी हा पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेला शब्द आम्हांस पसंत आहे, त्यात मज्जा नाही.) विश्रांती म्हणून जिला म्हणतात ती ही अवस्था अखंड श्रमाने टिकलेली असते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तो खर्च करतो, आणि त्यातील मोठा भाग या पंपांवर.

आता पाय निखाऱ्यावर पडला असे समजा. तळव्यातील चेतातंतूंच्या टोकांशी उष्णतेने उघडणारी दारे असतात. त्यांपैकी एक सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडते. डेव्हिड ज्युलिअस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ साली ओळखले. ते उघडताच धनभारित आयन आत शिरतात. भार एका मर्यादेपलीकडे बदलला की शेजारची सोडिअमची दारे उघडतात, सोडिअम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर धनभारित होते. लगेच ती दारे मिटतात, पोटॅशिअमची दारे उघडतात आणि पूर्वस्थिती येते. हे सारे एक-दोन सहस्रांश सेकंदात घडते. पण तेवढ्यात पुढच्या भागातील दारे उघडलेली असतात, मग त्यापुढची. मागची दारे काही काळ उघडू शकत नसल्याने लाट उलटी फिरत नाही. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी स्क्विड या समुद्रजीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हे गणित १९५२ साली मांडले.

येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. तळव्यातला सोडिअमचा एकही कण मेंदूपर्यंत जात नाही. तो पटल ओलांडून आत येतो आणि पंप त्याला पुन्हा बाहेर काढतो. निरोप पोचतो, पण निरोप्या असा कोणी नसतो. एका ठिकाणची घटना पुढील ठिकाणच्या घटनेला कारण होते, एवढेच. तंतू संपतो तेथे सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. ती रासायनिक द्रव्य ओलांडते आणि पलीकडच्या पेशीत नवी लाट उठते. नागसेनांनी राजा मिलिंदाला दिलेला दिव्यावरून दिवा लावण्याचा दाखला वाचकांना आठवेल. दाखला समर्पक आहे, पण नागसेन चेतापेशींविषयी बोलत नव्हते, हेही ध्यानी ठेवावे.

आग आणि वेदना यांचे नाते दिसते तितके सरळ नसते. हिरव्या मिरच्या वाटल्यावर हात भगभगतात, कारण मिरचीतील कॅप्सेइसिन हे द्रव्य उष्णतेचेच दार उघडते. आग नाही, पण आगीची वेदना आहे. उलट दंतवैद्याच्या बधिरतेच्या इंजेक्शनाने सोडिअमची दारे अडतात. दात तोच, अवजारही तेच, पण वेदना नाही.

मज्झिमनिकायातील मागण्डिय सुत्त या दृष्टीने वाचनीय आहे. कुरू देशातील कम्मासधम्म येथे भगवंत मागण्डिय परिव्राजकाला एका कुष्ठरोग्याचा दाखला देतात. तो रोगी निखाऱ्यांच्या खड्ड्यावर जखमा शेकून सुख मानतो. बरा झाल्यावर मात्र त्याच खड्ड्याकडे कोणी ओढू लागले तर अंग सोडवू पाहतो. आगीचा दाहक स्पर्श पूर्वीही दुःखदच होता, परंतु रोग्याची इंद्रिये उपहत झाल्यामुळे त्याला विपरीत संज्ञा होत होती, असे तेथे स्पष्टीकरण आहे. दाखला कामसुखांसाठी योजला आहे, तरी त्यामागचे निरीक्षण रोग्याला जवळून पाहिलेल्याचे आहे. पालि 'कुट्ठ' शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात, म्हणून आजच्या निदानाशी त्याची सरसकट बरोबरी करता येत नाही. आजच्या कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ साली नॉर्वेत शोधला. हा जंतू चेतातंतूंना वेष्टून असणाऱ्या पेशींत ठाण मांडतो. वेष्टन बिघडते, तंतू झिजतात, निरोप थांबतात. हात चुलीवर भाजला तरी कळत नाही आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटे जातात. बोटे 'झडतात' ती अशी.

आणि म्हणूनच उदानातील सुप्पबुद्धाची कथा वाचताना आम्ही अडखळतो. राजगृहातील हा दरिद्री कुष्ठरोगी गर्दी पाहून अन्नाच्या आशेने येतो, आणि त्या परिषदेत धम्म समजून घेण्यास समर्थ असा तोच भगवंतांना दिसतो. येथवर कथा तेजस्वी आहे. पुढे मात्र पूर्वजन्मी एका पच्चेकबुद्धाचा अवमान केल्यामुळे त्याला हा रोग जडला, असे सांगितले आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन पारखण्याची जी बुद्धिवादी कसोटी दिली, तिच्यावर हा भाग टिकत नाही. रोगाचे कारण एक जंतू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली पुरस्कारलेल्या बहुविध औषधोपचाराने सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. वेळीच घेतल्यास बोटेही वाचतात. सुन्न चट्टा अंगावर दिसताच दवाखान्यात जाण्याऐवजी जो माणूस पूर्वकर्माला भिऊन तो चट्टा लपवितो, त्याची बोटे जाण्यास ही समजूतही कारण होते. आमच्या वर्गात आम्ही कथेचा पूर्वार्ध शिकवितो, आणि उत्तरार्ध का स्वीकारीत नाही तेही सांगतो. गाळून टाकीत नाही.

त्या उपासिकेने वहीत दुरुस्ती केली. 'न्हारू' पुढे तिने 'कंडरा व अस्थिबंध' लिहिले, 'मत्थलुंग' पुढे 'मेंदू'. मग मज्जातंतूसाठी यादीत पालि शब्द कोणता, असे तिने विचारले. तसा शब्द त्या यादीत नाही, असे आम्ही सांगितले, आणि तिने ती जागा कोरी ठेवली.