म्हाताऱ्याच्या हातातली काठी

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. वस्तू समोर आली की तिची किंमत किती, हे त्याला आधी सुचते आणि ती आहे काय, हे नंतर. २०२३ च्या मे महिन्यात मुलाकडे वेलिंग्टनला गेलो, तेव्हा दिवाणखान्यातले काचेचे कपाट पाहून मी नेमके हेच केले. आत दिव्यांच्या मंद उजेडात वीतभर उंचीची शिरस्त्राणे ओळीने मांडलेली होती. एकाच्या माथ्यावर घोड्याच्या शेपटीसारखा तुरा, दुसरे काळे, काटेरी, नुसते पाहूनच धास्ती वाटावी असे. खालच्या फळीवर पुतळे होते. मी म्हणालो, "हे सगळं मिळून किती?" मुलगा हसला, पण उत्तर दिले नाही.

ही सारी मंडळी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटांतली. टॉल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. पीटर जॅक्सन यांनी तिच्यावरच्या तिन्ही चित्रपटांचे मुख्य चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात न्यूझीलंडमध्ये एका दमात उरकले आणि मग २००१, २००२ व २००३ साली ते एकेक करून पडद्यावर आणले. शेवटच्याला अकरा ऑस्कर मिळाली. या चित्रपटांतली चिलखते, तलवारी, शिरस्त्राणे घडली ती वेलिंग्टनच्याच मिरामार या उपनगरात, रिचर्ड टेलर आणि तानिया रॉजर यांनी उभ्या केलेल्या वेटा वर्कशॉपमध्ये. वेटा हे तिथल्या एका मोठ्या, टोळासारख्या किड्याचे नाव. टॉल्किनच्या पुस्तकांची चित्रे वर्षानुवर्षे काढणारे अॅलन ली आणि जॉन हाउ यांना आराखड्यांसाठी मुद्दाम बोलावून घेतले होते. लोहाराचा भाता होता, तसे प्लॅस्टिकचे पाइपही होते. पाइपाच्या चकत्या कापून, एकेक कडी हाताने ओवून साखळीची चिलखते केली गेली. पडद्यावर पाव क्षण दिसणाऱ्या शिपायाच्या अंगातही ती असत.

चित्रपट गाजत असतानाच वेटा आणि कॅलिफोर्नियातली साईडशो या कंपन्यांनी मिळून त्यांच्या छोट्या प्रतिकृती विकायला काढल्या. शिरस्त्राणे पाव मापाची, पुतळे एकास सहा या मापाचे. शिल्पकार आधी मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून रबराचा साचा निघतो, साच्यात पॉलीस्टोन ओततात आणि वर हाताने रंग देतात. पॉलीस्टोन म्हणजे राळेत दगडाची भुकटी कालवून केलेले मिश्रण. म्हणून ते हाताला गार लागते, वजनाला भरते आणि पडले की मडक्यासारखे फुटते. साच्यातल्या मूर्ती आपल्याला नव्या नाहीत. पण आपल्या मूर्तीचे दहाव्या दिवशी विसर्जन होते. इथे मात्र बैठकीच्या तळाशी क्रमांक घातलेला असतो: एकूण इतक्यांपैकी ही अमुकवी. तेवढ्या झाल्या की उत्पादन बंद.

पूर्वी या मर्यादेला तांत्रिक कारण होते. ताम्रपटावरून चित्रे छापताना पत्रा झिजतो, रबराचा साचाही काही ओतकामांनंतर बाद होतो. पण साचा पुन्हा करता येतो. त्यामुळे आजची मर्यादा ही बहुधा साच्याची नसून विक्रेत्याच्या शब्दाची असते. एक हजार म्हणजे एक हजार, हा शब्द. माझ्यातला बँकवाला इथे जागा झाला. नोटेवरसुद्धा शेवटी कोणीतरी दिलेले वचनच छापलेले असते.

या वचनाची एक जुनी गोष्ट मुलानेच मला सांगितली. १९७७ साली 'स्टार वॉर्स' इतका अनपेक्षित चालला की केनर या अमेरिकन कंपनीची खेळणी नाताळापर्यंत तयारच होईनात. मग कंपनीने पुठ्ठ्याचे एक पाकीट विकले. आत खेळणे नाही, फक्त एक चिठ्ठी. ती भरून पाठवा, नव्या वर्षात चार बाहुल्या घरपोच येतील. पोरांनी नाताळच्या झाडाखाली ही वचनचिठ्ठी उघडली आणि १९७८ मध्ये बाहुल्या खरोखरच पोचत्या झाल्या. ते पाकीट आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात.

दुसरी गोष्ट न्यायालयातली. त्याच चित्रपटातल्या सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे १९७६ मध्ये लंडनजवळच्या ट्विकनहॅममध्ये अँड्र्यू एन्सवर्थ नावाच्या कारागिराने प्लॅस्टिकचा पत्रा तापवून, साच्यावर ओढून केली होती. २००४ पासून तो तशीच शिरस्त्राणे स्वतः विकू लागला, तेव्हा लुकासफिल्मने त्याला कोर्टात खेचले. प्रश्न मजेदार होता: हे शिरस्त्राण शिल्प आहे काय? शिल्प असेल तर त्याला दीर्घ मुदतीचा स्वामित्वहक्क, नसेल तर नाही. २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते शिल्प नाही असे ठरवले. कलाकृती म्हणजे चित्रपट. शिरस्त्राण हे तो घडवण्यासाठी लागलेले सामान. एन्सवर्थ शिल्पाच्या मुद्द्यावर जिंकला, मात्र अमेरिकन हक्कांच्या भंगाचा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. मला निकाल पटला. पण कपाटापुढे उभा राहिलो की वाटे, सामान म्हणावे तर माणसे त्याच्यापुढे अशी का थबकतात?

वेलिंग्टन हे भूकंपाचे गाव. विमानतळाच्या छताला वेटाने केलेले दोन अजस्र गरुड टांगलेले मी येतानाच पाहिले होते. २०२५ साली ते उतरवण्यात आले. त्यातला एक जानेवारी २०१४ च्या धक्क्यात खाली कोसळला होता. त्यामुळे इथला संग्राहक प्रत्येक पुतळ्याच्या बुडाशी मऊ मेणाच्या गोळ्या चिकटवतो. माझ्या मुलाने भूकंपाची सगळी तजवीज केली होती. वडिलांची केली नव्हती.

एका दुपारी घरात कोणी नसताना मी कपाट पुसायला काढले. गँडाल्फ या पांढऱ्या दाढीच्या जादूगाराच्या हातात बोरूएवढी बारीक काठी होती. फडक्याचा धागा तिच्यात अडकला आणि काठी मधोमध मोडली. म्हाताऱ्याची काठी म्हाताऱ्यानेच मोडली. संध्याकाळपर्यंत मी ते दोन तुकडे हातरुमालात घेऊन बसलो होतो, कॅशमध्ये तूट आलेल्या कारकुनासारखा.

मुलगा आला. त्याने तुकडे पाहिले आणि तो बराच वेळ गप्प राहिला. मी विचारले, "नुकसान किती झालं? भरून देतो मी." तो म्हणाला, "बाबा, सिनेमाच्या लांबवलेल्या आवृत्तीतसुद्धा ही काठी मोडतेच." पण त्याचा आवाज हसरा नव्हता.

रात्री जेवणानंतर त्याने दोन्ही तुकड्यांच्या तोंडांना केसासारख्या बारीक गिरमिटाने भोके पाडली, आत पितळी तारेचा तुकडा बसवला, दोन नळ्यांतला गोंद कालवून लावला आणि काठी माझ्या हातात दिली. "दहा मिनिटं हलवायची नाही." मी दोन बोटांत ती धरून बसलो. तेव्हा कपाटाकडे पाहत तो म्हणाला, "पहिलं शिरस्त्राण मी पुठ्ठ्याचं केलं होतं. आठवतंय तुम्हाला?"

मला आठवत नव्हते. तो चौदा वर्षांचा होता. माझी बदली झाली होती. ट्रक दाराशी उभा. पुठ्ठा, चांदीचा कागद आणि झाडूचे हीर असे काहीतरी त्याने महिनाभर खपून केले होते. मी म्हणालो होतो, "हा कचरा कुठे न्यायचा?" आणि ते तिथेच जिन्याखाली राहिले. त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. म्हणूनच मला ते अधिक लागले.

सोनेतारणाचे कर्ज देताना आमच्याकडे सराफ दागिना घासून, खडे आणि लाखेचे वजन वजा करून किंमत सांगत असे. एखादी बाई म्हणे, "ही माझ्या आईची आहे हो, साहेब." मी मान हलवून पुढच्या रकान्याकडे वळायचो. आईसाठी फॉर्मात रकाना नव्हता आणि नसावाही. त्यावर बँक चालणार नाही. पण घरी आल्यावरही मी तोच फॉर्म भरत राहिलो, हे कळायला मला काठी मोडावी लागली.

संग्राहकांच्या जगात मूळ खोक्याला फार मान. आतला थर्मोकोल, बाहेरचा तपकिरी पुठ्ठा, सगळे जपतात; त्याविना पुतळ्याची किंमत उतरते. मुलाच्या घरातली एक अख्खी खोली अशा खोक्यांनी भरलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गँडाल्फचे बाहेरचे खोके घेऊन बाहेर आला आणि सहा वर्षांच्या नातीपुढे ठेवून म्हणाला, "जोडलेला पुतळा काही आता विकायचा नाही. याचं तुला काय हवं ते कर."

तिला शिरस्त्राण हवे होते. मी पुठ्ठा कापायला बसलो. तुरा कशाचा करावा, यावर बापलेकीचा वाद बराच वेळ चालला होता.