डोळ्यामागची नस सुजते तेव्हा

माझा चुलतभाऊ दुसरीत आहे. दिवाळीनंतर त्याला गालफुगी झाली. ती बरी झाली आणि पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "दादा, फळा पुसल्यावानी दिसतो." मला वाटले, शाळा बुडवायला सांगतो. मी हसलो. मग तो दारातल्या बादलीला अडखळून पडला. काकूची लाल साडी त्याला मातकट दिसायची.

काकांनी त्याला नगरला नेले. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, पण आमच्याकडे नगरच म्हणतात.) डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले, डोक्याचा एमआरआय काढला. डोळ्यामागची नस सुजली होती. ही नस म्हणजे तारच. तिच्यात 10 लाखांच्या आसपास बारीक तंतू असतात. डोळ्याला दिसते ते ती मेंदूला कळवते. गोवर, गालफुगी, कांजिण्या यांच्यानंतर रोगाशी लढणारी अंगातली शक्ती कधी कधी चुकून आपल्याच नसेवर उलटते. मोठ्या माणसांत हे बहुधा एकाच डोळ्याला होते, लहान मुलांत पुष्कळदा दोन्ही डोळ्यांना.

त्याला 5 दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिले, मग गोळ्या. काकू फार रडायची. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलांची नजर काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत चांगली परत येते. थोड्या मुलांना पुन्हा होते, म्हणून तपासणी चुकवायची नाही.

तीन महिने झाले. आता तो पहिल्या रांगेत बसून फळा वाचतो. लाल रंग अजून फिकाच दिसतो म्हणतो. पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा नगरला न्यायचे आहे.

— इयत्ता चौथी