पद्मपुर व भवभूतीचें विद्याग्रहण

गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवनजीकचें पदमपूर हेंच भवभूतीचें पद्मपुर, असें म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. वाकाटकांच्या दुर्ग येथील अपूर्ण ताम्रपटांतहि पद्मपुराचें नांव येतें. तेथील आपल्या तैत्तिरीयशाखीय घराण्याची विद्या कवि अभिमानानें सांगतो. परंतु त्याच्या नाटकांतील विद्यार्थी मात्र घर सोडून दूर जातात. मालतीमाधवांतील माधव कुंडिनपुराहून आन्वीक्षिकी शिकण्यास पद्मावती नगरीस, म्हणजे ग्वाल्हेरकडील पवायास, येतो. कामंदकी, भूरिवसु व देवरात हीं एकत्र शिकलेलीं; त्यांच्याबरोबर नाना देशींचे विद्यार्थी होते. उत्तररामचरितांतील आत्रेयी तर वाल्मीकींचा आश्रम सोडून वेदान्तासाठीं अगस्त्यांकडे निघते. एक कारण हें कीं, कुशलवांच्या बुद्धीशीं तिची बरोबरी होईना. (शिक्षकाचा पेशा केलेल्यास हें विशेष पटेल.)

खुद्द कवीचा गुरु कोण? महावीरचरिताच्या प्रस्तावनेंत ज्ञाननिधि हें नांव आहे. मालतीमाधवाच्या एका जुन्या पोथींत मात्र तिसऱ्या अंकाच्या पुष्पिकेंत कर्ता कुमारिलशिष्य म्हटला असून सहाव्याच्या पुष्पिकेंत उंबेकाचार्य असें नांव आहे. शंकर पांडुरंग पंडितांनीं १८८७ सालीं गउडवहोच्या प्रस्तावनेंत ही गोष्ट पुढें आणिली. एका नकलकाराच्या शब्दाखातर कवीचें स्वतःचें वचन मागें सारणें आम्हांस रुचत नाहीं. तथापि निराळ्या परंपरेची दुसरी पोथी तसेंच सांगूं लागली, तर आम्हांस फेरविचार करावा लागेल. यास्तव संग्राहकांस विनंति कीं, या नाटकाची पोथी हातीं येतांच केवळ शेवटचें पान न पाहतां प्रत्येक अंकाची पुष्पिका उतरून घ्यावी.